झाड बुटकं आहे म्हणून वाऱ्यात टिकेल का? समुद्रकाठचा गांजा आणि 'कॉम्पॅक्ट हायब्रिड'ची भानगड

गेल्या दहाबारा वर्षांत एकेक देश गांजाचा कायदा सैल करत चाललाय. उरुग्वेनं २०१३ मध्ये सुरुवात केली, कॅनडानं २०१८ मध्ये, जर्मनीनं २०२४ मध्ये सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावायची परवानगी दिली. अशा बातम्या आल्या की मागोमाग बियाण्यांच्या जाहिराती येतात आणि त्यांची भाषा ठरलेली असते, 'कॉम्पॅक्ट हायब्रिड, उंची कमी, वाऱ्याला दणकट, समुद्रकाठीही चालेल'. वाचणाऱ्याला वाटतं वा, म्हणजे वाऱ्याचा बंदोबस्त कुणीतरी बियाण्यातच करून ठेवलाय. तसं नाहीये. म्हणजे थोडंसं आहे, पण ते थोडंसं नेमकं किती ते कळलं तर बरं.

समुद्रकाठचा वारा झाडाला तीन तऱ्हेनं छळतो. ढकलतो, सुकवतो आणि अंगावर मीठ फेकतो. बुटकेपणा यातल्या फक्त पहिल्या त्रासावर खरा इलाज आहे, बाकीच्या दोन्हींवर जेमतेम, आणि वर रात्रीचं एक चौथं दुखणं तो स्वतःच घेऊन येतो. एवढंच मला सांगायचंय, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

कायद्याचं आधीच बोलून घेऊ. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा लागू आहे, परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, मग ते बुटकं असो की उंच. इतर देशांत कुठे तीन झाडं चालतात, कुठे चार, कुठे एकही नाही. हा लेख झाड वाऱ्यात कसं वागतं हे समजून घ्यायला आहे, आणि खरं सांगायचं तर यातलं निम्म्याहून जास्त मिरची-टोमॅटोलाही जसंच्या तसं लागू पडतं.

## आधी नावांचा घोळ

लिनीयसनं १७५३ मध्ये या झाडाचं नाव ठेवलं कॅनाबिस सटायव्हा. मग १७८५ मध्ये लामार्कनं भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी काढली. १९२४ मध्ये जानिशेव्हस्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं तिसरी, रुडेरालिस, म्हणजे रानोमाळ आपोआप उगवणारी लहानखुरी जात. या तीन वेगळ्या जाती की एकाच जातीची तीन रूपं यावर अजून वाद चालूच आहे, त्यात आपण पडायला नको.

बाजारात मात्र याचं सोपं गणित झालंय, सटायव्हा म्हणजे उंच शिडशिडीत, इंडिका म्हणजे बुटकी गच्च आणि दोन्हींचं मिश्रण म्हणजे हायब्रिड. गंमत अशी की २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की पाकिटावरचं नाव आणि आतली जनुकं यांचा मेळ बऱ्याचदा लागतच नाही. (मराठीत आणखी एक घोळ आहे. तंतूसाठी लावलेल्या गांजाच्या झाडाला इंग्रजीत 'हेम्प' म्हणतात. अंबाडीला इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणतात आणि तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' पण आहे, पण ती जास्वंदीच्या कुळातली, पानं थोडी सारखी दिसतात म्हणून नाव पडलं, बाकी काही नातं नाही.)

आता 'हायब्रिड' हा शब्द. मक्याच्या किंवा टोमॅटोच्या बियाण्यावर हायब्रिड लिहिलेलं असतं तेव्हा त्याला एक ठाम अर्थ असतो. दोन शुद्ध वाण घ्यायचे, शुद्ध म्हणजे पिढ्यान्पिढ्या तंतोतंत सारखीच पोरं देणारे, आणि त्यांचा संकर करायचा. पत्त्यांचं बघा, एका जोडात सगळे राजेच आहेत, दुसऱ्यात सगळ्या राण्याच, दोन्हीतून एकेक पान काढलं तर दर वेळी राजा-राणीच येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. म्हणून तसल्या हायब्रिडची शंभर रोपं लावा, शंभरही एका उंचीची निघतात. पण त्याच रोपांचं बी पुढच्या साली पेरलं की पत्ते पिसले जातात आणि कुठलंही पान कुठेही येतं. मेंडेलनं १८६६ मध्ये छापलेल्या वाटाण्याच्या प्रयोगात हेच झालं होतं, उंच आणि बुटक्याचा संकर केला तर पहिली पिढी सगळी उंच आणि दुसऱ्या पिढीत तीनास एक बुटकं.

गांजाच्या बाजारात 'हायब्रिड' म्हणजे बहुतेक वेळा फक्त 'संकर केलेला', आई-बाप शुद्ध होते का याची हमी नाही. म्हणजे दोन्ही जोड आधीच पिसलेले. म्हणून एकाच पाकिटातली पाच बिया लावली तर तीन गुडघ्याएवढी राहतात, एक कमरेला येतं आणि एक छातीशी जाऊन उभं राहतं, आणि मग माणूस म्हणतो की मला फसवलं. फसवलं असेलही, पण बऱ्याचदा तो नुसता पत्त्यांचा खेळ असतो. ज्याला खात्रीनं एकसारखी उंची हवीय तो बी लावतच नाही, पसंत पडलेल्या झाडाची फांदी छाटून तिलाच मुळं फोडतो, कारण ते तेच झाड असतं, पोर नव्हे.

## बुटकेपणा येतो कुठून

झाडाच्या खोडावर पानं फुटतात त्या जागा म्हणजे डोळे, आणि दोन डोळ्यांमधलं अंतर म्हणजे पेर. बुटक्या झाडाला डोळे कमी असतात असं नाही, पेरं आखूड असतात. दुर्बीण उघडी आणि मिटलेली असते तसं, नळ्या तेवढ्याच पण एकात एक सरकलेल्या.

पेर किती लांबणार हे बऱ्याच अंशी जिबरेलिन नावाचं संप्रेरक ठरवतं. संप्रेरक म्हणजे झाडाच्या अंगातली चिठ्ठी, एका भागानं दुसऱ्याला पाठवलेली, इथे चिठ्ठीत लिहिलेलं असतं 'वाढ'. मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यात ही चिठ्ठी नीट लिहिलीच जात नव्हती. १९६६ मध्ये आलेल्या आयआर-८ या भातातही तसंच, चिठ्ठी अर्धवट. नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हात चिठ्ठी पोचायची पण वाचलीच जायची नाही. त्या गव्हासाठी बोरलॉगना १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं आणि त्या सगळ्या खटाटोपामागे एक कारण वारासुद्धा होतं, कारण खत दिलं की उंच गहू कणसाच्या वजनानं आणि वाऱ्यानं आडवा व्हायचा, शेतकरी म्हणतो पीक लोळलं. तर बुटकेपणा हा वाऱ्यावरचा उपाय ही कल्पना गांजावाल्यांची नाहीच, ती गव्हा-भाताकडून आलेली आहे.

गांजाचं एक वेगळं म्हणजे तो दिवसाची लांबी बघून फुलतो. १९१२ च्या सुमारास तुर्नवा या फ्रेंच संशोधकानं हेम्प आणि हॉप (बिअरमध्ये घालतात तो) या दोन झाडांवर हे टिपलं होतं, दिवस लहान झाले की फुलं येतात. म्हणजे लवकर पेरलं की झाड महिनोन्महिने नुसतं उंचच जात राहतं, आणि तेच बी उशिरा पेरलं तर वाढायला वेळच मिळत नाही म्हणून आपोआप ठेंगणं राहतं. हा सगळ्यात स्वस्त बुटकेपणा आणि जाहिरातीत तो कुणी सांगत नाही. रुडेरालिसचं रक्त असलेली जी 'ऑटो' जात असते ती दिवसाची लांबी बघत नाही, वय झालं की फुलते, साधारण अडीच-तीन महिन्यांत सगळा कारभार आटपते. वाऱ्याचा हंगाम चुकवून मधल्या शांत महिन्यांत बसवायला सोयीची, पण एखादी मुख्य फांदी मोडली तर सावरायला तिच्याकडे दिवसच नसतात.

## वारा ढकलतो म्हणजे किती ढकलतो

इथे थोडं गणित करू, घाबरू नका, दोनचार ओळींचं आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे झाड हे बुडाशी घट्ट धरलेल्या काठीसारखं असतं, जोर जितका वर लागेल तितका बुडाला पीळ जास्त, घट्ट बसलेलं झाकण लांब दांड्याच्या चमच्यानं पटकन निघतं ना, तेच. आता एक दीड मीटरचं झाड घ्या आणि शेजारी तेवढ्याच घेराचं पण पाऊण मीटरचं. बुटक्याचं वाऱ्याला अडणारं अंग निम्मं आणि जोर लागायची उंचीही निम्मी, म्हणजे बुडावर येणारा ताण एक चतुर्थांश. त्यात जमिनीलगत वारा मुळात हळू असतो कारण गवत, दगड, कुंपण सगळं त्याला अडवत असतं, म्हणजे खरा ताण चौथाईपेक्षाही कमी. आणि खोडाची ताकद त्याच्या जाडीच्या घनात वाढते, खोड नुसतं १० टक्के जाड असलं तर सुमारे ३३ टक्के जास्त मजबूत.

म्हणून 'बुटकं झाड वाऱ्यात टिकतं' हे वाक्य ढकलण्यापुरतं खरं आहे. ताशी २९ ते ३८ किलोमीटरच्या वाऱ्याला बोफर्टच्या मोजपट्टीवर ५ नंबर आहे आणि त्याची खूण अशी दिलीय की पानं असलेली लहान झाडं डोलायला लागतात. समुद्रकाठी दुपारी एवढा वारा म्हणजे काही वादळ नव्हे, नेहमीचं आहे. त्यात उंच झाड रोज डोलतं, बुडाशी माती सैल होते, खोडाभोवती बोट जाईल एवढी फट पडते, आणि मग एक दिवस पाऊस पडून माती मऊ झाली की ते कलतं. मोडत नाही, कलतं. लोक खोड मोडेल म्हणून घाबरत असतात आणि प्रत्यक्षात मुळं सुटतात. बुडाशी मातीची भर दिली तर यातलं पुष्कळ टळतं, काही विशेष शास्त्र नाही त्यात.

मग दोरखंडासाठी लावलेलं हेम्प दोन-तीन मीटर वाढून कसं उभं राहतं, असं कुणी विचारेल. ते दाटीनं पेरलेलं असतं, गर्दीत उभ्या माणसाला पडायला जागाच नसते तसं. शिडाच्या जहाजांचे दोर पिढ्यान्पिढ्या याच झाडाच्या वाखाचे होते आणि 'कॅनव्हास' हा शब्दसुद्धा कॅनाबिसवरूनच आलाय. समुद्राच्या वाऱ्याशी या झाडाची ओळख जुनी आहे, फक्त तेव्हा ते मेल्यावर व्हायची.

## झाडाला वारा कळतो

हा माझा सगळ्यात आवडता भाग, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

१९७३ मध्ये मार्क जॅफे नावाच्या संशोधकानं काही रोपांची खोडं रोज थोडा वेळ बोटांनी चोळली, बाकी काही नाही. चोळलेली रोपं बुटकी आणि जाड झाली, न चोळलेली उंच आणि बारीक. स्पर्शानं झाडाचा घाट बदलणं, याला त्यानं थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं जिभेला गाठ पडणारं नाव दिलं, ते एकदा वाचा आणि विसरा, आपण 'वाऱ्याची सवय' म्हणू. पुढे १९९० मध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस हे अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडावर संप्रेरकं फवारून कुठली जनुकं जागी होतात ते बघत होते. तुलनेसाठी काही झाडांवर नुसतं पाणी फवारलं, तर तीच जनुकं तिथेही जागी! मग कळलं की औषधाचा काही संबंधच नाही, फवाऱ्याचा धक्का पुरतो. पाऊस, वारा, हात, सगळ्यानं काही मिनिटांत हेच होतं. नंतर हेही दिसलं की असं हाताळलेल्या झाडात जिबरेलिन घटतं, म्हणजे वारा स्वतःच ती 'वाढ' वाली चिठ्ठी फाडून टाकतो.

मी टोमॅटोच्या रोपांवर हे करून पाहिलंय. दोन ट्रे होते, एका ट्रेवरून रोज सकाळी पुठ्ठ्याची कडा वीसेक वेळा अलगद फिरवायची, दुसऱ्याला हात नाही. तीन आठवड्यांनी पहिल्या ट्रेतली रोपं बोटभर लहान, देठ खरखरीत आणि पानं जास्त हिरवी. दुसऱ्या ट्रेतलं रोप उचललं की मान टाकायचं. नर्सरीवाले हे मोठ्या प्रमाणावर करतात, रोपं लांबोडी होऊ नयेत म्हणून.

आता याचा अर्थ समुद्रकाठी काय होतो बघा. जातिवंत बुटकेपणा नसलेलं झाडसुद्धा रोजच्या वाऱ्यात काही प्रमाणात स्वतःहून बुटकं होतं, आणि जातिवंत बुटकं रोप आधी महिनाभर बंद खोलीत लाडात वाढवलं तर वाऱ्यात नेल्यावर पहिल्याच दुपारी मान टाकतं. जात म्हणजे भांडवल, सवय वेगळी लावावी लागते, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, अशी आठ-दहा दिवस.

आधाराच्या काठीचंही यातूनच उत्तर मिळतं. काठीला झाड आवळून बांधलं की ते हलत नाही, हललं नाही की खोड जाड होत नाही, आणि काठी काढली की पडतं. मधे बांधाबांधीच्या जागी दोर खोडाला कापतो ते वेगळंच. बांधायचंच तर खाली, सैल, आठच्या आकड्यासारखा फास देऊन, म्हणजे झाड डुलेल पण आडवं होणार नाही.

## मग बुटकी जात लावली की झालं ना?

नाही, कारण आता दुसरा त्रास. पानाच्या अंगालगत हवेचा एक पातळ थर असतो जो जवळजवळ स्थिर असतो. पानातून निघालेली वाफ आधी या थरात साठते आणि मग हळूहळू बाहेर जाते. पांघरूण म्हणा. वारा ते पांघरूण ओढून नेतो, कपडे वाऱ्यावर लवकर वाळतात त्याचं कारण हेच. पान पाणी गमवायला लागलं की आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं, पण त्याच छिद्रांतून त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळत असतो, म्हणजे तहान वाचवायला उपाशी राहायचं. वारेमाप वाऱ्यातली झाडं लहान राहतात त्यात या उपासमारीचाही वाटा आहे, म्हणून समुद्रकाठचं प्रत्येक बुटकं झाड सुखी आहे असं समजू नका.

बुटकं गच्च झाड इथे थोडं बरं, आतली पानं बाहेरच्या पानांच्या आडोशाला असतात. पण किनाऱ्याची माती बहुतेक रेताड, पाणी ओतलं की खाली, वाफसा धरून ठेवायची तिची ऐपत नाही, आणि वरून वारा शोषतोय. कुजलेलं खत, काथ्या, वर पाचटाचं आच्छादन, हे सगळं इथे बियाण्याच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं. कुंडी असेल तर आणखीनच, कारण तिच्या कडेनंही वारा लागतो, आणि हलकी प्लॅस्टिकची कुंडी असली की झाड बुटकं असूनही कुंडीसकट लोळतं, मग खोडाच्या ताकदीचं गणित गेलं उडत.

## मीठ येतं कुठून, समुद्र तर लांब आहे

लाट फुटते तेव्हा पाण्यात लाखो बुडबुडे होतात, ते फुटताना बारीक थेंब हवेत उडतात, त्यातले मोठे जवळच पडतात आणि बारीक वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसं मीठ झपाट्यानं कमी होतं, म्हणून पहिल्या शेदोनशे पावलांतला आणि एक-दोन किलोमीटर आतला बगीचा यांची तुलनाच नको. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ते आठवा, दिवसा जमीन तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री उलटे मतलई. म्हणजे मिठाची ड्यूटी दुपारची.

खारवलेलं पान जवळून बघितलं तर नुकसान ओळखू येतं. आधी टोकं आणि कडा तपकिरी होतात, मधला भाग हिरवाच, आणि समुद्राकडच्या बाजूला जास्त. बरेच जण याला खताची कमतरता समजून आणखी खत ओततात, खत म्हणजे आणखी क्षार, झालं, मरत्याला धक्का. फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे बाजू बघायची, खताची चूक झाडाच्या चारी बाजूंना दिसते आणि मीठ वाऱ्याच्या अंगाला. आणि वारा-मीठ यांची युती असते, वाऱ्यात पानं एकमेकांवर घासून बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतून मीठ आत शिरतं.

बुटकेपणाचा इथे फार उपयोग नाही, जमिनीलगत थोडे थेंब कमी येतात इतकंच. उपयोग साध्या गोड्या पाण्याचा होतो. वारा-वादळ होऊन गेल्यावर पाऊस नसेल तर झाड वरून गोड्या पाण्यानं धुवायचं, सकाळी, म्हणजे दिवसभरात वाळेल. मातीत साठलेलं मीठही अधूनमधून भरपूर पाणी देऊन खाली घालवावं लागतं. पण फुलं धरल्यावर हे धुणं जपून, का ते पुढे.

## गच्च झाडाचं रात्रीचं दुखणं

आता तो चौथा त्रास, जो बुटकेपणाच घेऊन येतो. पेरं आखूड म्हणजे फुलांचे घोस एकमेकांना चिकटून, मधे हवा जायला जागा नाही. दुपारी भन्नाट वारा असतो म्हणून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. संध्याकाळी खारा वारा पडतो, मतलई सुटायच्या आधी हवा अगदी ठप्प, दमटपणा चढतो, दव पडतं. त्यात पानांवर मिठाचा थर असेल तर तो ओल ओढून घेतो, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतंच, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होतं तेच. म्हणजे बाहेरून कोरडं दिसत असूनही घोसाच्या आत ओल.

बोट्रायटिस नावाची राखाडी बुरशी याचीच वाट बघत असते, तीच द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी कुजवते. ती आतून सुरू होते, बाहेरून घोस टवटवीत आणि मधलंच एखादं छोटं पान पिवळं पडलेलं, ते ओढलं की अलगद हातात येतं आणि आत बघावं तर करडा कापूस. एवढं दिसेपर्यंत तो घोस गेलेला असतो. भुरीचंही तसंच, पानावर पिठूळ डाग, ती तर ओल्या पानाशिवायही वाढते, दमट आणि कोंदट हवा पुरते.

म्हणून समुद्रकाठासाठी मला कुणी विचारलं तर मी सगळ्यात बुटकी, सगळ्यात गच्च जात सांगणारच नाही. ठेंगणी पण मोकळी, म्हणजे उंची कमी आणि फांद्या आडव्या पसरलेल्या. हे जातीत नसलं तरी हातानं करता येतं, लहानपणीच शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या जोर धरतात, त्या हळूहळू वाकवून आडव्या बांधल्या की बशीसारखा आकार येतो, वारा वरून निघून जातो आणि हवा मधून खेळते. थोडक्यात मध्यम उंचीच्या झाडाला बसायला शिकवायचं.

## भिंत बांधली तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर उलटं वाटेल असं आहे. पक्की भिंत वाऱ्याला थांबवत नाही, उडी मारायला लावते. वारा भिंतीवरून जातो आणि पलीकडे गोल गोल भोवरे करत खाली आपटतो, झाड एकाच दिशेनं ढकललं जायच्या ऐवजी चारी बाजूंनी पिळलं जातं, जे जास्त वाईट. त्यापेक्षा साधारण निम्मा वारा आत सोडणारा आडोसा चांगला, जाळी, बांबूची विरळ ताटी, झुडपांची रांग. गर्दी अडवायला दार लावून घेतलं तर लोक दारावर चढतात, एकेकाला सोडलं तर गर्दी शांत राहते, तसं समजा.

असल्या जाळीदार आडोशाचा फायदा त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत बऱ्यापैकी मिळतो, म्हणजे दीड मीटरची ताटी पंधरा मीटरपर्यंत. इथे बुटक्या जातीचं पारडं पुन्हा जड होतं, कारण पाऊण मीटरच्या झाडाला लहानशी ताटी पुरते आणि दोन मीटरच्या झाडासाठी जो मांडव उभारावा लागेल तोच वाऱ्यात उडायची भीती. शिवाय जाळीवर मिठाचे थेंबही अडकतात. ती मधूनमधून धुवायला विसरू नये, नाहीतर पहिल्या पावसात तेच मीठ झाडाच्या बुडाशी.

## वारा आणखी एक गोष्ट आणतो

या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी, आणि परागकण वाऱ्यावर जातात, मधमाशीची गरज नाही. ज्याला फुलं हवीत त्याला मादीला पराग लागायला नको असतो, लागला की झाड फुलं सोडून बिया भरायला लागतं. दक्षिण स्पेनमधल्या मालागाच्या हवेत गांजाचे परागकण सापडले होते आणि ते समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेतून आले असल्याचं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. मधे भूमध्य समुद्र. म्हणजे 'आजूबाजूला कुणी लावत नाही' हा भरवसा उघड्या किनाऱ्यावर तितकासा खरा नाही, आणि यावर झाडाच्या उंचीचा काडीचाही परिणाम होत नाही. तंतूसाठी हेम्प लावणारे आणि फुलांसाठी लावणारे यांची भांडणं बऱ्याच ठिकाणी यावरूनच होतात, कारण हेम्पच्या शेतात नर फुलं असतातच.

## मग सरळ घरातच का लावू नये?

लावतात ना, परवानगी असते तिथे पुष्कळ जण घरातच लावतात. वारा नाही, मीठ नाही, कुणाचा पराग नाही. आणि मग खोलीतली पहिली रोपं उंच, किडमिडी, मान टाकणारी निघतात, कोपऱ्यात दमट हवा साठून भुरी येते, आणि ते बाजारात जाऊन पंखा आणतात. तो फिरता पंखा रोपांवर असा लावायचा असतो की पानं सतत हलकी थरथरत राहतील, फार जवळ नाही, नाहीतर त्या बाजूची पानं करपतात, समुद्राकडच्या बाजूची करपतात तशीच.